साथीत गोल्फ कोर्स उघडायचा असेल तर आधी कॅडींची शेड बघा

सीमाभागातल्याच एका छोट्या, नऊ होलच्या मैदानाच्या नव्या सेक्रेटरींनी विचारलंय: उद्या पुन्हा एखादी साथ आली, सरकारनं आधी सगळं बंद केलं आणि मग ‘नियम पाळून उघडा’ म्हटलं, तर गोल्फ कोर्स सुरक्षित कसा उघडायचा? २०२० आणि २०२१ मध्ये तुम्ही बेळगावच्या बाजूला काय केलंत, त्यातलं काय उपयोगी पडलं आणि काय नुसतं दाखवायला होतं? त्यांच्या कमिटीला याची लेखी तयारी आत्ताच करून ठेवायची आहे, आणि त्यांनी आपला कच्चा मसुदाही पाठवलाय.

मी पंधराव्या वर्षी कॅडी म्हणून खेळाडूंच्या बॅगा उचलायला लागलो, पुढं कॅडी मास्टर झालो आणि गेली वीसेक वर्षं मैदानांची देखभाल बघतोय. त्यामुळं उत्तर जरा कॅडीच्या बाजूनं येईल, ते समजून घ्या.

पहिली गोष्ट आधीच सांगून टाकतो. बॉल, झेंडा, होल यांच्या मागं लागून आम्ही पहिले दोन महिने वाया घालवले. मैदान मोकळं असतं, वारा असतो, दोन खेळाडू फेअरवेच्या, म्हणजे मधल्या कापलेल्या पट्ट्याच्या, दोन टोकांना चालत असतात. तिथं धोका फारच कमी. आमच्याकडं जे झालं ते तीन ठिकाणी झालं: कॅडींच्या पत्र्याच्या शेडमध्ये, चहाच्या टपरीपाशी, आणि खेळ संपल्यावर गाड्यांजवळ चाललेल्या गप्पांत. आर अँड ए ही गोल्फचे नियम सांभाळणारी स्कॉटलंडची संस्था. त्यांच्या सूचना आमच्यापर्यंत व्हॉट्सॲपवर आल्या. सूचना चांगल्या होत्या, पण त्या जिथं लिहिल्या गेल्या तिथं बहुतेक खेळाडू स्वतःची ट्रॉली स्वतः ओढतात. आपल्याकडं चार खेळाडूंच्या मागं चार कॅडी चालतात. म्हणजे मैदानावर जितके खेळाडू, तितकेच कॅडी. नियमावलीत निम्म्या माणसांचा उल्लेखच नसेल तर ती नियमावली कसली?

आता क्रमानं. परवानगीपासून सुरू करतो, कारण तिथंच पहिला घोळ होतो.

२५ मार्च २०२० ला देश बंद झाला. १८ मे पासूनच्या चौथ्या टप्प्यात केंद्राच्या आदेशात स्पोर्ट्स कॉम्प्लेक्स आणि स्टेडियम प्रेक्षकांशिवाय उघडायला मुभा होती. त्यात गोल्फ कोर्सचं नाव नव्हतं. काही मेंबर म्हणाले, स्पोर्ट्समध्ये आपण आलोच. काही म्हणाले, क्लब म्हणजे बार, आणि बार बंद आहेत. दोघांचंही खरं होतं. म्हणून माझा सल्ला असा: डीसी (जिल्हाधिकारी) ऑफिसला अर्ज करताना मैदान आणि क्लब हाउस या दोन वेगळ्या गोष्टी म्हणून लिहा. मैदान उघडायची परवानगी मागा. क्लब हाउस, बार, लॉकर रूम, कार्ड रूम कुलूपबंद राहील असं स्वतःच लिहून द्या. तोंडी ‘चालेल हो’ वर विसंबू नका. गेटवर बीटचा पोलीस येतो तेव्हा त्याला कागद लागतो. आणि आदेश कन्नडमध्ये येतात, कधी सोबत इंग्रजी असतं. शेडमधल्या पोरांतली निम्मी मराठी शाळेत शिकलेली. आम्ही गेटवरचा फलक कन्नड आणि मराठी दोन्हीत लिहिला, आणि तरी मी रोज सकाळी तो एकदा मोठ्यानं वाचून दाखवत होतो. हसत होती पोरं, पण ऐकत होती.

मैदान उघडायचं म्हणजे गवत आधी उघडावं लागतं, हे कमिटीला कधीच पटत नाही. आपल्या ग्रीनवर, म्हणजे होलभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीवर, हरळीच्याच जाती असतात. आठ दिवस कापली नाही तर ती दाढीसारखी वाढते, आणि मे महिन्यात दोन वळीव पडले की विचारायलाच नको. आदेश आला की सेक्रेटरी म्हणतात, परवा उघडू. उघडता येत नाही. गवताच्या पात्याचा एका वेळी तिसरा हिस्साच कापायचा असतो, त्यापेक्षा जास्त नाही. तुम्ही ग्रीन ५ मिलिमीटरवर ठेवत असाल आणि ती बंद काळात १५ वर गेली असेल, तर पहिल्या दिवशी १० वर थांबा. तीन-चार दिवसांनी ७, मग आणखी तीन-चार दिवसांनी ५. घाई करून एकदम खाली उतरवलंत तर हिरवा भाग निघून जाईल, खालच्या पिवळ्या काड्या उघड्या पडतील आणि उन्हात त्या जळतील. पुढं पाऊस लागला की त्याच जागी बुरशी. म्हणजे उघडायच्या आधी दहा-बारा दिवस हवेत.

याला एकच उपाय आहे. बंद काळातही दोन-तीन माळी मैदानावर राहिले पाहिजेत. आम्ही पहिल्या लॉकडाऊनमध्ये दोघांना पंप हाउसच्या खोलीत राहायला दिलं, शिधा भरून दिला, आणि देखभालीसाठी दोन पास काढले. त्यांनी फक्त ग्रीन आणि टी, म्हणजे पहिला फटका मारायच्या जागा, सांभाळले. फेअरवे आणि रफ (कडेचं वाढलेलं गवत) सोडून दिले. ते बरोबरच होतं. ज्यांनी सगळं बंद ठेवलं त्यांना ग्रीन परत आणायला पावसाळा लागला.

मशिनांचं एक सांगतो. गवत कापायच्या मॉवरच्या टाकीत पेट्रोल तसंच ठेवून दोन महिने गेले की कार्बोरेटरमध्ये चिकट थर बसतो. आमचं एक मॉवर याच कारणानं उघडायच्या आदल्या दिवशी बसलं, आणि मेकॅनिक शहरातल्या सील केलेल्या गल्लीत अडकलेला. तेव्हा बंद करायच्या दिवशीच टाकी रिकामी करा, रीलला, म्हणजे कापायच्या पात्यांना, तेल लावा.

आणि दोन महिने माणूस फिरकला नाही की मैदान दुसऱ्यांचं होतं. पहिल्या आठवड्यात आम्हाला बंकरच्या, म्हणजे वाळूच्या खड्ड्याच्या, काठाला घोणस दिसली, गवतात शिरलेल्या रानडुकरांनी एक फेअरवे उकरून ठेवला होता. उघडायच्या आधी दोन दिवस काठ्या घेऊन रफमधून रांगेनं चालून या. हे गमतीनं घेऊ नका. २०२२ च्या ऑगस्टमध्ये बेळगावच्या गोल्फ कोर्सच्या झाडीत बिबट्या शिरला होता. आजूबाजूच्या २२ शाळा कितीतरी दिवस बंद ठेवाव्या लागल्या, शिमोग्याजवळच्या सक्रेबैलूहून हत्ती आणले, तरी तो सापडला नाही. साथ संपली म्हणून सुटलो म्हणावं तर हे.

आता वेळेचं गणित. हे कागदावर मांडलं तरच कमिटीला समजतं, म्हणून सविस्तर लिहितो.

नऊ होलचा एक फेरा दोन तासांचा, म्हणजे १२० मिनिटं. एरवी दर आठ मिनिटांनी चौघांचा एक ग्रुप सोडतो. म्हणजे कुठल्याही क्षणी मैदानावर १५ ग्रुप, ६० खेळाडू, त्यांचे ६० कॅडी, एकूण १२० माणसं. आता तिघांचा ग्रुप करा आणि १२ मिनिटांचं अंतर ठेवा: १० ग्रुप, ३० खेळाडू, ३० कॅडी, ६० माणसं. दोघांचा ग्रुप आणि १५ मिनिटं: ८ ग्रुप, १६ खेळाडू, १६ कॅडी, ३२ माणसं. आम्ही ३२ पासून सुरू केलं आणि तीन आठवड्यांनी ६० वर गेलो. त्यापुढं त्या वर्षी गेलोच नाही.

पण हा हिशेब सरळ चाललेल्या खेळाचा. खरी गर्दी होते ती पार थ्रीच्या, म्हणजे एका फटक्यात ग्रीन गाठता येणाऱ्या छोट्या होलच्या, टीवर. पुढचा ग्रुप ग्रीनवरून उतरल्याशिवाय मागच्याला मारता येत नाही, त्यामुळं मागचा ग्रुप टीवर येऊन थांबतो, त्याच्या मागचाही येतो, आणि तिथं असतो एक बाक आणि एक झाड. झाल्या गप्पा सुरू. आम्ही ते बाक उचललं आणि टीच्या मागं चाळीस पावलांवर चुन्याची रेघ मारली. पुढचा ग्रुप टी सोडेपर्यंत मागच्यानं रेघेच्या अलीकडं थांबायचं. खर्च एक पाटी चुना. मला विचाराल तर आम्ही केलेल्या सगळ्या उपायांत सर्वांत कामाचा हाच.

नऊ होलच्या मैदानाची आणखी एक भानगड असते, ती अठरा होलवाल्यांना कळत नाही. ज्यांना अठरा खेळायचं ते नऊ संपवून परत पहिल्या टीवर येतात आणि नव्यानं सुरू करणाऱ्यांत मिसळतात. त्यामुळं आम्ही माणशी नऊच होल दिले. ओरड झाली. एक मेंबर तर म्हणाले, मी अर्धंच जेवण घेऊन पूर्ण पैसे का देऊ? रास्त होतं, फी निम्मी केली.

एकाच वेळी सगळ्या होलवरून सुरुवात करायची शॉटगन पद्धत मात्र अजिबात घेऊ नका. कागदावर ती सुटसुटीत दिसते, पण सगळे एकत्र येतात आणि सगळे एकत्र संपवतात. पार्किंगमध्ये लग्नाची पंगत उठल्यासारखं होतं.

संचारबंदीची वेळ नियमावलीत ठळक लिहून ठेवा. मे २०२० मध्ये संध्याकाळी ७ ते सकाळी ७ बाहेर पडायला मनाई होती. गोल्फवाल्यांना तर पावणेसहाला पहिला बॉल मारायची सवय. पण त्याहून मोठी अडचण आमची होती: माळी सातच्या आधी घरातून निघू शकत नाहीत आणि खेळाडूही सातला गेटवर. मग ग्रीन कापायचं कधी? शेवटी पहिली टी, म्हणजे पहिल्या ग्रुपची वेळ, नऊची केली. मेच्या उन्हात नऊला कोण येणार? थोडेच आले, आणि तेवढेच हवे होते. जूनमध्ये संचारबंदी रात्री ९ ते पहाटे ५ झाली तेव्हा सुटलो. पुढं जुलैमध्ये कर्नाटकात रविवारी पूर्ण बंद असायचा, तेव्हा रविवारची सगळी गर्दी शनिवारवर आली. त्या शनिवारांची एक गोष्ट पुढं सांगतो.

होल, झेंडा, बंकर हे पटकन आटपतो. झेंडा होलमध्येच ठेवून पट करायला, म्हणजे ग्रीनवरून बॉल हळूच होलात ढकलायला, २०१९ च्या नियमांपासून मुभा आहेच, त्यामुळं झेंड्याला हात न लावणं सोपं गेलं. होलमधून बॉल काढताना हात आत जाऊ नये म्हणून बाहेरच्या क्लबांनी तऱ्हेतऱ्हेची साधनं विकत घेतली. आम्ही एसी मेकॅनिककडून तांब्याच्या पाइपवर चढवतात ती काळी फोमची नळी आणली, चार-चार बोटांचे तुकडे केले आणि झेंड्याच्या काठीभोवती बसवले. बॉल वरच्या काठापासून इंचभर खाली थांबतो, दोन बोटांनी उचलता येतो. पाऊस सुरू झाल्यावर तो फोम पाणी धरून बसायला लागला, तेव्हा त्याला उभ्या चिरा दिल्या. बंकरमधले दाताळे काढून टाकले, पायानं वाळू सारखी करायची. मैत्रीच्या खेळात पायाच्या ठशात बॉल गेला तर बंकरमध्येच क्लबभर, म्हणजे खेळायच्या काठीएवढ्या, अंतरात उचलून ठेवायची सूट दिली. स्कोअरकार्ड एकमेकांना द्यायचं नाही, तोंडी सांगायचं, फोनवर लिहायचं. स्पर्धा घ्यायच्या नाहीत. स्पर्धा म्हटली की बक्षीस आलं, बक्षीस म्हटलं की चहापान आलं.

आता मूळ मुद्दा.

आमची शेड दहा फूट बाय पंधरा, तिन्ही बाजूंनी पत्रा, पुढून उघडी, पण पावसाळ्यात पुढं ताडपत्री. आत एक कॅरम, एक लाकडी फळी आणि कोपऱ्यात माठ. माठावर एकच स्टीलचा पेला. तो पेला मी कॅडी होतो तेव्हापासूनचा असावा, कडेला पोचे पडलेले. सकाळी वीस-पंचवीस पोरं तिथं नंबर लागायची वाट बघत बसतात. दोन तास बसतात, कधी चार. मैदानावर खेळाडूच्या सहा फूट लांब चालणारा कॅडी इथं दुसऱ्याच्या मांडीला मांडी लावून भाकरी खातो. आम्ही मैदानावर काय मोजत होतो?

पहिल्यांदा दोन बाजूंचे पत्रे काढले. मेंबर म्हणाले, पावसात पोरं भिजतील. भिजत नाहीत, वरचा पत्रा तीन फूट पुढं ओढला की भागतं. बाक आंब्याखाली लावले. माठ काढला, प्रत्येकानं आपली बाटली आणायची, पायानं दाबायचा नळ बसवला. पेला मी घरी नेला. कॅरमही उचलला, त्यावर पोरं सगळ्यांत जास्त चिडली.

दुसरं, गर्दी होऊच नये म्हणून टी बुकिंगसोबत कॅडीचं बुकिंग. आदल्या संध्याकाळी मी ज्याला फोन करीन त्यानंच यायचं, तेही वेळेच्या पंधरा मिनिटं आधी. वाट बघत बसायचंच नाही. कॅडींचे दोन गट केले, एक आठवडा एक गट, पुढचा आठवडा दुसरा. गट मिसळायचे नाहीत. म्हणजे एकाला झालं तर अर्धे उरतात आणि मैदान चालू राहतं.

पण गट केले म्हणजे कमाई निम्मी झाली. हे कमिटीला सांगायला मी गेलो तेव्हा तिथं बराच वेळ कुणी बोललं नाही. मग दर फेऱ्यामागं खेळाडूकडून पन्नास रुपये जादा घ्यायचे आणि ते घरी बसलेल्या गटात वाटायचे असं ठरलं. पूर्ण भरपाई होत नव्हती, पण पोरं गट मोडून चोरून यायची थांबली. हा हिशेब नियमावलीच्या पहिल्या पानावर घ्या, शेवटच्या नको. पैसे मिळाले नाहीत तर बाकीचा एकही नियम पाळला जात नाही.

कॅडीनं काय करायचं आणि काय नाही, तेही नेमकं लिहा. बॅग उचलायची, पण आतली क्लब खेळाडूनं स्वतः काढायची आणि स्वतः ठेवायची. बॉल सापडला की हात न लावता त्याच्याजवळ उभं राहून हात वर करायचा. बॉल पुसायचा नाही. हे शेवटचं सर्वांत अवघड गेलं. आपल्याकडं जुने कॅडी ग्रीनवर बॉल उचलून देताना अंगठ्याला थुंकी लावून त्यावरची माती काढतात, मग टॉवेलनं पुसतात. मीही तेच करायचो. त्या जूनमध्ये आयसीसीनं क्रिकेटमध्ये बॉलला थुंकी लावायला बंदी घातली, ती बातमी मी शेडमध्ये वाचून दाखवली. ‘बघा, कोहलीच्या टीमला चालत नाही ते तुम्हाला कसं चालेल?’ फलकानं जे झालं नव्हतं ते त्या बातमीनं झालं.

आता त्या शनिवारची गोष्ट. जुलै २०२०, पाऊस लागून राहिलेला, रविवार बंद म्हणून शनिवार पूर्ण भरलेला. सोमवारी आमच्या गटातला एक पोरगा आंब्याखाली एकटाच बसलेला दिसला. मी लांबूनच हाक मारली, ‘काय करूलालास रे हितं? आज तुझा नंबर नाही.’ तो म्हणाला, ‘मामा, अगरबत्तीचा वास येईना झालाय.’ कधीपासून विचारलं तर म्हणाला, गुरुवारपासून. म्हणजे शनिवारी त्यानं दोन फेरे बॅग उचलली होती. ताप नव्हता, गेटवर कपाळाला मशिन लावलं तेव्हा ते बरोबरच दाखवत होतं. मी ओरडलो. तो खाली मान घालून म्हणाला, ‘शनिवार सोडला तर आठवडा काय खाणार?’

दोन खोल्यांत सात माणसं राहत होती त्याच्या घरी. त्यातल्या तिघांना झालं. सगळे बरे झाले. त्यानं ज्यांच्या बॅगा उचलल्या त्या दोन खेळाडूंना काहीच झालं नाही, मात्र शेडमध्ये त्याच्याशेजारी डबा खाल्लेल्या एकाला झालं. एवढ्यावरून शास्त्र सांगायचं नसतं हे मला कळतं, पण मला जे बघायचं होतं ते मी बघितलं.

त्यानंतर आजारपणाची मजुरी सुरू केली. लक्षणं सांगितली किंवा घरात कुणाला झालं, तर चौदा दिवस रोजची ठरावीक रक्कम, काम न करता. कमिटीतल्या एकांनी शंका काढली की मग सगळेच आजारी पडतील. त्या पावसाळ्यात सहा जणांनी ती रक्कम घेतली. सहाही जण खरोखर आजारी होते किंवा आजाऱ्याच्या घरातले होते. तुमच्या कमिटीत ही शंका निघेलच, तेव्हा हे सांगा.

तापाच्या मशिनविषयी. त्याला लोकांनी देवासारखं मानलं. उन्हात सायकल मारत आलेल्या पोराचं कपाळ ३८ दाखवतं, तर पावसात भिजून आलेल्याचं ३४. दोन्ही खोटं. सावलीत दहा मिनिटं बसवून मग बघा, आणि त्यापेक्षा महत्त्वाचं म्हणजे विचारा: घरी कोण आजारी आहे? विचारताना आवाज चौकीतल्यासारखा नको.

सॅनिटायझेशनवर आम्ही जो खर्च केला त्यातला निम्मा आज करणार नाही. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेनं एप्रिल २०२१ मध्ये सांगितलं की वस्तूला हात लागून संसर्ग व्हायची शक्यता साधारणपणे दहा हजारांत एकापेक्षा कमी असते. आम्ही त्याआधी वर्षभर बॉल धूत होतो, ट्रॉलीच्या चाकांवर फवारे मारत होतो. पुढची साथ वेगळी असू शकते, तेव्हा तेव्हाचे डॉक्टर काय सांगतात ते बघा. संडास, नळ, दाराच्या कड्या मात्र पुसाव्याच लागतात. त्याला एक टक्का हायपोक्लोराइट पुरतं. ३३ टक्के क्लोरीनची ब्लीचिंग पावडर असेल तर एक लिटर पाण्यात ३० ग्रॅम. रोज ताजं करा, बंद खोलीत करू नका, आणि त्यात ॲसिड किंवा संडास धुवायचं कुठलंही दुसरं औषध कधीच मिसळू नका, त्यातून विषारी वायू निघतो. क्लबच्या लोखंडावर हे पाणी गेलं की गंज धरतो, ग्रिपसाठी साबणाचं पाणी ठेवा.

सीमेचं प्रकरण तुमच्यामाझ्याशिवाय कुणी लिहिणार नाही. मे २०२० मध्ये कर्नाटकानं महाराष्ट्रातून यायला बंदी केली, नंतर सेवा सिंधू या कर्नाटक सरकारच्या पोर्टलवर नाव नोंदवून, क्वारंटाइनच्या अटीवर येता यायचं. फेब्रुवारी २०२१ पासून ७२ तासांच्या आतला आरटीपीसीआर रिपोर्ट लागू लागला. कोल्हापूरचे मेंबर कोगनोळीच्या नाक्यावरून परत गेले, त्यांचं फारसं बिघडलं नाही, त्यांनी फी पुढच्या वर्षात वळवून घेतली. पण आमचा एक माळी शिनोळीच्या बाजूचा. घर चंदगड तालुक्यात, काम बेळगावात, मध्ये बाचीचा नाका. एरवी मोटरसायकलवर अर्ध्या तासात येणारा माणूस दीड महिना पलीकडं अडकला. रोज फोन करायचा, ‘सात नंबरच्या ग्रीनला पाणी दिलंत का?’

तेव्हा तुमच्या यादीत प्रत्येक कामगाराचं घर कुठल्या राज्यात आहे ते आजच लिहून ठेवा. जो पलीकडचा, त्याची अलीकडं राहायची सोय ठरवून ठेवा, किंवा त्याच्या जागी कोण ते ठरवा. आणि तो अडकला तर त्याचा पगार चालू राहील का, तेही. नाके रात्रीत उभे राहतात.

वयाचं भांडण तुमच्याकडं होणारच. तेव्हाच्या सूचनांप्रमाणं ६५ वर्षांवरच्यांनी घरीच राहायचं होतं. आपल्याकडच्या क्लबांत निवृत्त फौजी किती, आणि त्यांतले ६५ च्या पुढचे किती, ते तुम्हाला सांगायला नको. एका कर्नलसाहेबांनी मला सांगितलं, ‘मी सियाचीनला होतो.’ मी म्हटलं, ‘सर, तिथं चहाची टपरी नव्हती.’ हसले, पण दोन महिने आले नाहीत. नियम शिथिल झाल्यावर ज्येष्ठांसाठी सकाळची पहिली तासाभराची वेळ राखून ठेवली, त्यांच्यासोबत ठरलेलेच कॅडी.

लसीच्या वेळी मात्र गोष्ट उलटी झाली. १ मार्च २०२१ ला साठच्या पुढच्यांना लस सुरू झाली, मे अखेरीस आमच्या बऱ्याच मेंबरांचे दोन डोस झाले होते. कॅडी विशी-पंचविशीतले, त्यांचा नंबर १ मेला लागला आणि तेव्हा लस मिळतच नव्हती. २१ जून २०२१ ला बेळगाव जिल्ह्यात बाहेरच्या खेळांना पुन्हा मुभा मिळाली, त्याच दिवशी १८ वर्षांवरच्या सगळ्यांना केंद्राकडून मोफत लस सुरू झाली. म्हणजे मैदान उघडलं त्या दिवशी खेळाडू सुरक्षित आणि बॅग उचलणारा कोरा. खेळाडू मास्क काढून यायला लागले, ‘माझे दोन झालेत.’ मी फलकावर एक ओळ वाढवली: ‘तुमच्या कॅडीचे किती झालेत ते विचारा.’ दोन दिवसांनी कुणीतरी ती पुसली. मी परत लिहिली. शेवटी तीन मेंबरांनी आपापल्या गाड्यांतून पोरांना लसीच्या केंद्रावर नेलं.

एक धोका साथीच्या नादात आम्ही विसरलो होतो. मेच्या शेवटी दुपारी वळवाचे ढग आले, आणि क्लब हाउसला कुलूप. सोळा खेळाडू आणि सोळा कॅडी झाडाखाली, एकमेकांपासून सहा फूट लांब, अगदी नियमानं. झाडाखाली! मी धावत जाऊन व्हरांड्याचं दार उघडलं आणि सगळ्यांना आत घेतलं. वीज आणि गडगडाट यांत तीस सेकंदांपेक्षा कमी अंतर असेल तर खेळ थांबवून पक्क्या इमारतीत, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर नाही. त्या वेळी मास्क लावा, खिडक्या उघडा, पण आत या. व्हरांड्याची किल्ली गेटवरच्या माणसाकडं असली पाहिजे. आमची सेक्रेटरींच्या घरी होती, मी कडी तोडली.

चहाची टपरी बंद ठेवून उपयोग नाही, लोक गेटबाहेर घोळका करून पितात. आम्ही टपरीवाल्याला कागदी कप दिले आणि पार्किंगच्या मधोमध बसवलं, प्रत्येकानं कप घेऊन आपल्या गाडीपाशी जायचं. बूटही गाडीतच बदलायचे. पैसे यूपीआयनं. रजिस्टरची पेन दोरीला बांधलेली असते ना, ती काढा, गेटवरचा माणूसच नाव लिहील.

तुमच्या मसुद्यात खेळाडूंसाठी एकोणीस कलमं आहेत आणि कॅडींसाठी एक: ‘कॅडींनी मास्क वापरावा.’ तो मसुदा बाजूला ठेवा. आधी एक वही घ्या, त्यात प्रत्येक कॅडीचं नाव, गाव, राज्य, घरात किती माणसं, घरात म्हातारं कोण, फोन कुणाचा, आणि चौदा दिवस घरी बसला तर चूल चालायला किती लागेल, एवढे रकाने आखा. शेवटचा रकाना त्यालाच विचारून भरा. ती बेरीज घेऊन कमिटीपुढं जा. शेडचे पत्रे काढायला बोल्ट लागतील, पावसाच्या आधी बघून घ्या, आमचे गंजून बसले होते आणि कटरनं कापावे लागले.